उजव्या कोपऱ्यातली चौकट

अन्याय झाला तो आम्हा दोघींवर. माझ्यावर, आणि पाच वर्षं माझ्याच बाकावर बसलेल्या माझ्या मैत्रिणीवर. कधी? दहावीचा शेवटचा पेपर झाला त्याच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, आमच्या भागातल्या एका ज्युनिअर कॉलेजच्या खिडकीसमोर. वेळ पाठ आहे, कारण आत बसलेल्या गृहस्थांच्या तोंडाकडे बघवेना म्हणून मी त्यांच्या डोक्यावरच्या घड्याळाकडे बघत उभी होते.

त्या कॉलेजात अकरावी सायन्सची एक खास तुकडी असते. गणित आणि फिजिक्स तिथे खोलात शिकवतात, इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेच्या अंगाने. तुकडीत जायचं तर जूनमध्ये कॉलेजची चाचणी द्यायची. चाचणीच्या तयारीसाठी कॉलेज सुट्टीत एक पुस्तिका देतं. फुकट. अर्ज भरला की मिळते. आम्ही तीच घ्यायला गेलो होतो.

"शाळा?"

"महापालिकेची."

"मीडियम?"

"मराठी."

पेन थांबलं. "मग कशाला जिवाला त्रास? फिजिक्सचं पहिलं पानच इंग्लिशमध्ये असतं. दरवर्षी तुमच्यातल्या दोघी-तिघी येतात आणि ऑगस्टमध्ये रडत जातात. आर्ट्स आहे, साधी तुकडी आहे, तिकडे बघा."

माझी आई अर्धा दिवस रजा टाकून आली होती. दुपारी परत पॅकिंगच्या लाइनवर जायचं होतं म्हणून साडीवरचा कंपनीचा निळा कोटही तिने काढला नव्हता. ती म्हणाली, "साहेब, पुस्तिका तर द्या. पोरी बघतील त्यांचं त्या."

"संपल्या."

त्यांच्या मागच्या कपाटावर पुस्तिकांचा गठ्ठा होता. सुतळीसुद्धा सोडलेली नव्हती.

आज मी पत्रकं लिहिते, कंपन्यांच्या आणि कॉलेजांच्या गेटवर उभी राहून वाटते, वॉचमनशी भांडते. तेव्हा मी पंधरा वर्षांची होते आणि "थँक्यू सर" म्हणून मागे वळले. त्या थँक्यूचा मला अजून राग येतो. पण या माणसावर एवढी शाई पुरे. लिहायचंय ते काकूंबद्दल.

काकू आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. चिखलीतली ती बिल्डिंग म्हणजे प्रत्येक मजल्यावर एका ओळीत दहा खोल्या आणि जिन्याखाली सगळ्यांच्या सायकली. काकू परभणीकडच्या. चाकणला एका छोट्या वर्कशॉपमध्ये इन्स्पेक्शनला होत्या. मोठ्या गाड्यांच्या कंपन्यांना लागणारे शाफ्ट आणि बुश, म्हणजे लोखंडी दांडे आणि नळकांडी, तिथे बनायचे, आणि प्रत्येक पीस बरोबर मापाचा आहे की नाही ते तपासून सही करायची, हे काकूंचं काम. पहाटे सव्वापाचची बस, फर्स्ट शिफ्ट, पावणेचारला घरी. नवरा सेकंड शिफ्टला, म्हणून चार ते सहा हा वेळ त्यांचा स्वतःचा. त्या वेळात त्या लसूण सोलत गॅलरीत बसायच्या.

आम्ही दोघी जिन्यात बसलेल्या बघून त्यांनी वरूनच विचारलं, "का गं, तोंडं पाडून का बसल्यात?"

आम्ही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. कॉलेजला शिव्या दिल्या नाहीत, आम्हाला धीरही दिला नाही. एवढंच म्हणाल्या, "त्यांनी त्यांची पुस्तिका दिली नाही. बोर्डाचं अकरावीचं पुस्तक तर बंद पडलं नाही ना? जुनं मिळतंय की पिंपरीत. घेऊन या. उद्या चारला वर गच्चीत."

माझी मैत्रीण फटकळ. तिने विचारलं, "काकू, तुम्ही शिकवणार? फिजिक्स?"

"बारावी सायन्स हाय मी. गणितात शंभरातले एक्क्याण्णव. मार्कशीट दाखवू का?"

मार्कशीट नंतर एकदा मी खरंच बघितली. एक्क्याण्णवच होते. त्याच वर्षी भावाला डिप्लोमाला घातलं आणि काकूंचं लग्न लावून दिलं. हे त्यांनी मला एका वाक्यात सांगितलं आणि पुढचं गणित घातलं. त्यांच्या जागी मी असते तर हेच वाक्य दहा वर्षं सांगत फिरले असते.

गच्चीत पाण्याच्या टाकीची सावली चार वाजता पूर्वेला पडायची. तेवढीच आमची शाळा. एप्रिल-मेचा चिखलीतला फरशीचा चटका मी कोणाला समजावून सांगत बसत नाही. आम्ही गोणपाट ओलं करून बसायचो आणि तासाभरात ते कोरडं व्हायचं.

पहिला आठवडा पुस्तक उघडलंच नाही. काकूंनी गेटपास करून एक रिजेक्ट झालेला लोखंडी बुश आणला होता आणि स्वतःच्या पैशांनी घेतलेला व्हर्नियर कॅलिपर. लाकडी पेटीत, तेल लावलेल्या फडक्यात. "याला चमच्यासारखं धरायचं नाही," हा पहिला धडा. दुसरा धडा, त्याच बुशचा व्यास दहा वेळा मोजा आणि दहाही आकडे लिहा. माझे दहा आकडे आणि मैत्रिणीचे दहा आकडे जुळेनात. माझे माझ्यातच जुळेनात.

"आता खरं माप कोणतं?" काकू म्हणाल्या.

"सरासरी काढायची," मैत्रीण म्हणाली.

"काढ. पण आधी सांग, चुकलं कोण? लोखंड का तू?"

आम्ही अर्धा तास त्यावर वाद घातला. हात जोरात दाबला, डोळा तिरका धरला, कॅलिपरचा जबडा पुसला नाही, एकेक कारण सापडत गेलं. आठवड्याने पुस्तक उघडलं, तर पहिल्याच प्रकरणात हेच सगळं इंग्लिशमध्ये छापलेलं. वाटलं, अरे, हे तर आपल्या बुशबद्दलच लिहिलंय.

इंग्लिशसाठी काकूंची एक रीत होती. अडलेल्या शब्दाला पेन्सिलने गोल करायचा. त्याचा अर्थ त्या विचारायच्या नाहीत. म्हणायच्या, "दाखव." फ्रिक्शन दाखव. इनर्शिया दाखव. पाठ केलेली व्याख्या म्हटली की हाताने उडवून लावायच्या. "ते पोपटाला येतंय. दाखव." मैत्रिणीने एकदा इनर्शिया दाखवायला जिन्यावरून धावत येऊन गच्चीच्या दारात एकदम थांबून दाखवलं, आणि तिची चप्पल पुढे निघून गेली. काकू इतक्या हसल्या की लसणाची ताटली सांडली. "हा! हेच. बस ब्रेक मारती तवा आमचे डबे असेच ड्रायव्हरकडं पळत्यात."

टॉर्कचं प्रकरण मालकीणबाईंमुळे सुटलं. बिल्डिंगच्या मालकीणबाई मूळच्या चिखली गावच्या. शेतं गेली, खोल्या आल्या, पण जीभ तीच राहिली. आमच्या धावपळीने त्यांची दुपारची झोप मोडायची. एक दिवस जिना चढून आल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आमी हितं माणसं ऱ्हायला ठिवली का कालेज काढलं? आँ?"

"आत्या, तुमच्याच गच्चीत इंजिनिअर व्हायल्यात पोरी," काकू म्हणाल्या. "उद्या तुमीच मिरवाल."

"व्हतील तवा व्हतील. त्या टाकीचा कॉक जाम झालाय, चार दिस झालं पानी वाहतंय. त्यो सोडवाया येतो का तुमच्या कालेजाला?"

काकूंनी आमच्याकडे बघितलं. पान्याने कॉक हलेना. मैत्रीण लोंबकळली तरी हलेना. मग काकूंनी कोपऱ्यात पडलेला लोखंडी पाइप पान्याच्या दांडीवर चढवला, दांडी तिप्पट लांब झाली, आणि मला म्हणाल्या, "एकटीनं ओढ." मी ओढला. कॉक फिरला. बळ तेवढंच, फक्त अंतर वाढलं. "हे लिही आता इंग्लिशमध्ये," काकू म्हणाल्या, आणि मी चार ओळी कुठेही न अडखळता लिहिल्या. मालकीणबाई बघत होत्या. दुसऱ्या दिवशी टाकीपासून कठड्यापर्यंत त्यांची एक जुनी जाड चादर बांधलेली होती, सावलीसाठी.

पण मला सगळ्यात जास्त काय आवडलं असेल, तर काकूंना यायचं नाही तेव्हा त्या काय करायच्या ते. येत नसलं की आमचे कितीतरी शिक्षक आवाज चढवायचे. काकू म्हणायच्या, "हे मला येत नाही." आणि वहीच्या मागच्या पानावर लिहायच्या. त्यांच्या वर्कशॉपमध्ये फळ्यावर अशी यादी असते म्हणे, न सुटलेल्या अडचणींची. अडचण, तारीख, कोण सोडवणार त्याचं नाव. आमच्या पानावर नावाच्या रकान्यात प्रत्येक ओळीत "मी" लिहिलेलं असायचं. दुसऱ्या दिवशी त्या कंपनीत चहाच्या सुट्टीत पुस्तक घेऊन नव्या इंजिनिअर मुलांपुढे उभ्या राहायच्या. अडतीस वर्षांच्या बाई, चोवीस वर्षांच्या पोरांपुढे. पहिल्या दिवशी एक जण म्हणाला, "काय काकू, आता आयआयटीला बसताय का?"

"हाव. तुमी शिकवा, बसते."

पुढच्या आठवड्यापासून तोच मुलगा चहाचा कप बाजूला ठेवून कागदावर आकृती काढून द्यायला लागला. त्या आकृत्या घडी घालून कोटाच्या खिशातून आमच्या गच्चीत यायच्या. आमच्याकडे कंपन्यांना सुट्टी गुरुवारी असते. त्या दिवशी काकू स्वयंपाक सकाळीच उरकून आम्हाला दुपारपासून बसवायच्या. दोन महिन्यांत त्यांनी एकही गुरुवार स्वतःसाठी ठेवला नाही.

आता चौकटीबद्दल.

कंपनीत जे ड्रॉइंग येतं, म्हणजे पार्टचा नकाशा, त्यावर शेकडो मापं असतात, पण कुठल्याच मापापुढे मिलिमीटर लिहिलेलं नसतं. नुसता आकडा. उजव्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते, तिच्यात एकदाच लिहितात की वेगळं सांगितलेलं नसेल तर सगळी मापं मिलिमीटरमध्ये. खाली कोणी काढलं, कोणी तपासलं, सह्या. ज्या कागदावर ती चौकट नाही तो कागद काकूंच्या लेखी कागदच नव्हता. म्हणून आमच्या वहीच्या प्रत्येक पानावर उजव्या कोपऱ्यात चौकट आली. नाव, तारीख, "सर्व एकके एसआय, वेगळं लिहिलं नसल्यास" अशी एक ओळ इंग्लिशमध्ये, आणि खाली काकूंची सही. पान तपासल्याशिवाय सही नाही आणि सहीशिवाय पुढचं पान नाही.

मला चौकट फार आवडली. उत्तरापुढे दर वेळी न्यूटन, ज्यूल, मीटर पर सेकंद लिहायचा कंटाळा वाचला. आपण कोणीतरी मोठं काम करतोय असंही वाटायचं. मैत्रिणीला मात्र धीर नव्हता. चौकट करूनही ती भीतीने प्रत्येक उत्तरापुढे एकक लिहायची. मी तिला चिडवायचे, "डबल काम करतेस, वेडे."

जूनमध्ये चाचणी झाली. पन्नास मार्कांची, पास व्हायला तीस हवे. पेपर बघितला आणि मला हसू आलं, इतकं सगळं ओळखीचं होतं. प्रत्येक पानावर मी पट्टीने चौकट आखली. दोन दिवसांनी यादी लागली. मैत्रिणीला एकतीस. मला साडेसव्वीस.

पेपर बघायला मागितला. कोणी नाही म्हणालं नाही, हेही सांगितलं पाहिजे. आठ उत्तरं बरोबर होती आणि आठही ठिकाणी लाल पेनाने लिहिलेलं, एकक नाही, अर्धा मार्क वजा. आठ वेळा अर्धा म्हणजे चार. चौकटीकडे कोणी बघितलंच नव्हतं. एका पानावर तर तिच्यावरूनच लाल रेघ गेली होती.

घरी येऊन काकूंना पेपर दाखवला. त्या उभ्यानेच वाचत होत्या. वाचता वाचता खाली बसल्या. "अगं माय," म्हणाल्या. "हे मी केलंय." आठही लाल खुणांवरून त्यांनी एकेक करत बोट फिरवलं. खास तुकडी गेली तर माझं काय होणार हे त्यांना माहीत होतं. वडील हिंजवडीला कंपनीची कॅब चालवतात, बाहेरचा क्लास परवडणारा नव्हता. ही एकच वाट होती.

गुरुवारी सकाळी काकू इस्त्रीची साडी नेसून आमच्या दारात उभ्या. "चल. आणि तू बोलू नको."

फिजिक्सचे विभागप्रमुख सर खुर्चीत होते, पेपर त्यांनीच तपासले होते. खिडकीतले गृहस्थ वेगळे, हे सर वेगळे. काकू बसल्या नाहीत. "सर, ही माझी चूक हाय. पोरीची नाही. मी शिकवलंय तिला."

"तुम्ही शिक्षिका?"

"नाही. इन्स्पेक्टर हाय, चाकणला. ड्रॉइंग आणून दाखवलं असतं, पण कंपनीचं बाहेर आणता येत नाही." त्यांनी सरांच्याच टेबलावरचा एक पाठकोरा कागद घेतला, त्यावर बुशची आकृती काढली, आकडे टाकले, कोपऱ्यात चौकट आखली आणि ती ओळ लिहिली. मग माझ्या पेपरची चौकट दाखवली. "आमच्याकडं असंच असतं. हिनं लिहिलंय, सर. सगळ्यांचं मिळून एकदाच लिहिलंय."

सरांनी बघितलं. चष्मा काढून पुन्हा बघितलं. "हे मी वाचलं नाही, मान्य. पण बाई, बोर्डाचा परीक्षक हे वाचणार आहे का? तिथे मार्क जातीलच."

मला वाटलं आता काकू भांडतील. मी असते तर भांडले असते. काकू म्हणाल्या, "बरोबर बोलताय. जातील. पुढं ती प्रत्येक ठिकाणी लिहील, ते माझ्याकडं लागलं. पण सर, माल चांगला आणि नुसतं मार्किंग राहिलेलं असलं, तर आम्ही पीस भंगारात टाकत नाही. पिवळा टॅग लावतो. दुरुस्त करतो आणि पुन्हा तपासतो. तुमी पुन्हा तपासा. आत्ता. मी बाहेर जाते."

आणि त्या खरंच बाहेर गेल्या.

सरांनी पेपर माझ्यासमोर ठेवला. तिसऱ्या प्रश्नाचं एकक? का? ज्यूल म्हणजे काय, मूळ एककांत मांड. टॉर्कचं आणि कामाचं एकक सारखं दिसतं, मग फरक काय? शेवटच्या प्रश्नाला मी उठून उभी राहिले आणि दरवाजा दोन ठिकाणी ढकलून दाखवला, आधी कडीजवळ, मग बिजागरीजवळ. सर म्हणाले, "तोंडी सांगितलं असतं तरी चाललं असतं." मग त्यांनी आठ ठिकाणी अर्धा अर्धा मार्क परत लिहिला, साडेतीस केले आणि खाली सही केली.

बाहेर काकू बाकावर बसल्या होत्या. निकाल सांगितला तर म्हणाल्या, "सही घेतली का?"

"घेतली."

"मग चल. साडेबाराला भात लावायचाय."

मी त्या तुकडीत दोन वर्षं शिकले. आता इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मैत्रीणही आहे, दुसऱ्या कॉलेजात. ऑगस्टमध्ये आम्ही रडत गेलो नाही.

लोक मला विचारतात, तू एवढी कडक पत्रकं लिहितेस, तुला कोणी शिकवलं. मला आठवतं ते काकूंचं ते पहिलं वाक्य, टेबलासमोर उभं राहून म्हटलेलं. मी शेकडो सभा ऐकल्यात. एवढ्या अधिकाराच्या माणसासमोर जाऊन, आवाज न चढवता, आधी स्वतःची चूक सांगून मग हक्काने मागणारं माणूस मी दुसरं बघितलेलं नाही. आणि ही बाई आजही चाकणच्या बसने पहाटे जाते आणि लोखंडावर सह्या करते. याचा मला राग येतो. काकूंना येत नाही, मला येतो.

आता तुम्ही. हो, वाचणारे तुम्हीच. तुम्ही बारावी सायन्स आहात, डिप्लोमा आहात, वाकडच्या अकराव्या मजल्यावरचे इंजिनिअर आहात, नाहीतर मारुंजीत भाड्याने राहून कोड लिहिता. "आता सगळं विसरलो" म्हणू नका. काकूही विसरल्या होत्या, त्यांनी विचारून घेतलं. तुमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंची, तुमच्या गेटवरच्या वॉचमनची मुलगी या वर्षी दहावीला आहे. तिचं नाव आज विचारा. तिचा शेवटचा पेपर झाला की दुसऱ्या दिवशी तिला चार वाजता बोलवा आणि जूनपर्यंत रोज दोन तास शिकवा. शिकवताना तुमचं चुकेल. त्याचा फटका तिला बसेल. तेव्हा फोन करू नका, चिठ्ठी देऊ नका. सुट्टी टाका, तिच्याबरोबर जा, आणि तिची जागा मिळेपर्यंत तिथून हलू नका.